कृत्रिम सांध्यातल्या जंतुसंसर्गाचं प्राणी-मॉडेल: नवख्या संशोधकांसाठी पायरीपायरीने

गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया पुण्यात आता इतकी रुळली आहे की कोणत्याही सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या ज्येष्ठांत दोघातिघांचे गुडघे बदललेले निघतात. डॉ. कांतिलाल संचेती यांनी विकसित केलेला ‘इंडस नी’ हा भारतीय बनावटीचा कृत्रिम गुडघाही याच शहरातला. बहुतेकांचं सगळं नीट पार पडतं. पण शंभरातल्या एकदोघांच्या नव्या सांध्यात जंतू शिरतात. मग सांधा पुन्हा उघडणं, धुणं, कित्येकदा इम्प्लांटच काढून अँटिबायोटिक मिसळलेला सिमेंटचा स्पेसर बसवणं आणि काही आठवड्यांनी परत नवा सांधा, असं चक्र सुरू होतं. त्या माणसाचं वर्ष जातं, घराची बचत जाते, कधी पायही जातो.

हा लेख त्या एकदोघांसाठी काम करू पाहणाऱ्यांना उद्देशून आहे. एमएस ऑर्थोचा प्रबंध करणारे, मायक्रोबायोलॉजीत पीएचडीला लागलेले, किंवा धातूवर जंतुरोधक लेप बनवून ‘आता प्राण्यावर तपासू’ असं म्हणणारे इंजिनिअर, यांतले तुम्ही कोणीही असाल. नवा विद्यार्थी आला की बहुधा विचारतो, ‘किती उंदीर लागतील?’ हा प्रश्न बराच नंतरचा आहे. माझं म्हणणं एवढंच की मॉडेल, म्हणजे माणसातला आजार प्राण्यात मुद्दाम घडवून अभ्यासायची मांडणी, ऑपरेशन टेबलावर उभं राहत नाही, ते आधी कागदावर उभं राहतं. कागदावर कच्चं राहिलेलं काम प्राण्याच्या वेदनेने पक्कं होत नाही. त्यामुळे पुढच्या निम्म्याहून अधिक पायऱ्या प्राण्याला हात लावण्याआधीच्या आहेत.

आधी हे समजून घ्या: धातू आला की गणित बदलतं

१९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचून पाहिला. नुसत्या त्वचेत पू व्हायला लाखो जंतू लागले. तिथेच रेशमी टाका असला, तर काही शेकडा जंतूंनी काम झालं. १९८२ मध्ये झिमर्ली आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या त्वचेखाली छिद्रं असलेल्या पोकळ नळ्या बसवून हेच मोजलं. शंभरएक जंतूंनी जवळपास सगळ्या नळ्यांत संसर्ग झाला. परक्या वस्तूच्या आसपास पांढऱ्या पेशींची मारकशक्ती घटते हेही त्यांनी दाखवलं. १९८७ मध्ये ग्रिस्टिना यांनी इम्प्लांटच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात लागणाऱ्या शर्यतीची कल्पना मांडली. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, बनवून बसतात, आणि मग साध्या मात्रेतलं अँटिबायोटिक त्यांना हलवू शकत नाही.

तुमच्या मॉडेलमध्ये या तिन्ही गोष्टी दिसल्या पाहिजेत: थोडे जंतू, परका पृष्ठभाग आणि चिवट बायोफिल्म. कोटभर जंतू ओतून सांधा सडवला तर ते भयंकर दिसतं, पण माणसात तसं घडत नसल्यामुळे त्यातून काही कळत नाही.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘इम्प्लांट इन्फेक्शनचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘आमच्या चांदीच्या लेपामुळे टायटॅनियमच्या तारेवर चौदाव्या दिवशी सापडणाऱ्या स्टॅफ ऑरियसची संख्या कमी होते का?’ हा प्रश्न आहे. वाक्य नेमकं झालं की वेळापत्रक आपोआप ठरतं. लेप किंवा प्रतिबंध तपासायचा असेल, तर जंतू शस्त्रक्रियेच्या वेळीच सोडायचे. उपचार तपासायचा असेल, तर बायोफिल्म मुरायला एक-दोन आठवडे थांबून मग औषध सुरू करायचं. पहिल्याच दिवशी औषध दिलं तर तो प्रतिबंधाचा प्रयोग होतो, मग शीर्षकात ‘उपचार’ कितीही मोठ्या अक्षरांत लिहा. रक्तातून येणाऱ्या उशिराच्या संसर्गाचा प्रश्न असेल, तर आधी निर्जंतुक इम्प्लांट बसवायचं, जखम भरू द्यायची आणि मग शिरेतून जंतू द्यायचे.

हे वाक्य एखाद्या ऑर्थोपेडिक सर्जनला वाचून दाखवा. उत्तर मिळाल्यावर रुग्णासाठी काय वेगळं करता येईल, हे त्याला सांगता आलं नाही तर वाक्य बदला.

पायरी २: प्राणी निवडा

इथे घाई होते ती सोयीमुळे. अ‍ॅनिमल हाउसमध्ये जे आहे ते घ्यायचं, असं नका करू.

पांढरा उंदीर म्हणजे माउस. तो लहान आहे, त्याच्यासाठी प्रतिकारशक्ती मोजायची साधनं मुबलक मिळतात आणि प्रकाशणारे जंतू वापरले तर जिवंतपणीच संसर्गाचा माग काढता येतो. लॉस एंजेलिसच्या गटाने २०१० मध्ये मांडलेलं मॉडेल आज खूप वापरलं जातं: मांडीच्या हाडात गुडघ्याकडून बारीक के-वायर, म्हणजे धातूची सरळ तार, घालायची, तिचं टोक मिलिमीटरभर सांध्यात ठेवायचं आणि तिथे दोन मायक्रोलिटरमध्ये हजारएक जंतू सोडायचे. मर्यादाही लक्षात घ्या. २५ ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्तच दोनेक मिलिलिटर, म्हणजे वारंवार रक्त काढता येत नाही. स्टॅफ ऑरियसची काही विषं, उदाहरणार्थ पीव्हीएल, माणसाच्या आणि सशाच्या पांढऱ्या पेशी फोडतात, पण उंदराच्या पेशींवर त्यांचा जवळपास परिणाम होत नाही. त्या विषाबद्दलचा प्रश्न उंदराला विचारून उपयोग नाही.

रॅट, म्हणजे विस्टार किंवा स्प्रेग डॉली, हाताळायला मोठा, शस्त्रक्रिया सोसणारा. त्याच्या नडगीच्या हाडात के-वायर घालण्याचं तंत्र चांगलं रुळलेलं आहे. जेंटामायसिनच्या लेपावरचं एक महत्त्वाचं काम २००३ मध्ये याच पद्धतीने झालं. मात्र रॅट संसर्ग चांगला परतवतो, त्यामुळे जंतूंची मात्रा जास्त लागू शकते. शिवाय त्याच्या हाडात हॅवर्सियन पुनर्रचना, म्हणजे टणक हाड आतून झिजून पुन्हा बांधलं जाणं, जवळपास नसते आणि वाढीची पट्टी उशिरापर्यंत उघडी राहते.

न्यूझीलंड व्हाइट ससा हाडाच्या बाबतीत माणसाच्या अधिक जवळ. त्यात हॅवर्सियन पुनर्रचना होते आणि गुडघ्यात खरोखरचं छोटं इम्प्लांट बसवता येतं. पण ससा वेदना लपवतो. शिवाय नीट न धरता उचलला आणि त्याने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली, तर त्याचाच कणा मोडतो. सशाला धरायला शिकवणारा माणूस अ‍ॅनिमल हाउसमध्ये शोधा, त्याचं वय आणि पद न पाहता त्याच्याकडून शिका.

शेळी-मेंढी हा शेवटचा टप्पा. माणसाच्या मापाच्या जवळचं इम्प्लांट, पूर्ण वजन टाकून चालणं, सिमेंट, सगळं इथे तपासता येतं. पण रवंथ करणाऱ्या जनावराला भूल देणं हे स्वतंत्र शास्त्र आहे: पोट फुगतं, अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, तोंडाने दिलेलं अँटिबायोटिक कोठीपोटातले उपयोगी जंतू मारतं. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याहून सातारा रस्त्याने फार दूर नाही. मोठ्या प्राण्यावर जायचंच असेल, तर पशुवैद्य पहिल्या बैठकीपासून सोबत असू द्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोन करून हे काम होत नाही.

नवख्यांना माझा सल्ला: पहिला प्रकल्प रॅटच्या नडगीवर किंवा मांडीच्या हाडावर करा. प्रकाशणारे जंतू आणि ते टिपणारा कॅमेरा खरोखर हाताशी असेल तर माउस घ्या. ससा दुसऱ्या प्रकल्पासाठी राखून ठेवा.

पायरी ३: गट आणि संख्या

आता ‘किती’चा प्रश्न. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग, शक्य तितके कमी प्राणी, आणि शक्य तितका कमी त्रास. भारतात त्यात पुनर्वसन हे चौथं तत्त्व जोडलं गेलं. कमी प्राणी म्हणजे अपुरे प्राणी नव्हेत. प्रत्येक गटात तीनच रॅट घेऊन उत्तर निघालं नाही, तर ते सगळे वाया गेले. ही काटकसर नव्हे, क्रौर्य आहे.

संख्या काढताना जंतूंची मोजणी लॉग प्रमाणावर घ्या, कारण एका प्राण्यात शंभर तर दुसऱ्यात दहा लाख असा पसारा असतो. एक लॉगचा फरक, म्हणजे दहापट घट, वैद्यकीय दृष्टीने अर्थपूर्ण धरायची की दोन लॉगचा, हे आधी ठरवा. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ ही पातळी (नसलेला फरक दिसण्याची चालवून घेतलेली शक्यता) घेऊन संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसा. भुलेत दगावणारे, हाड मोडलेले प्राणी गृहीत धरून थोडी भर घाला आणि तसं अर्जात लिहा.

गट ठरवताना निर्जंतुक इम्प्लांटचा गट वगळू नका. हाड झिजलं ते जंतूंमुळे की शस्त्रक्रियेमुळे, हे तोच सांगतो. संसर्ग झालेला पण उपचार न दिलेला गट लागतो. इम्प्लांटशिवाय तितकेच जंतू दिलेला छोटा गट असला, तर आपल्या हातात खरंच इम्प्लांट-संसर्ग आहे याची खात्री पटते.

आणि एक गोष्ट हमखास सुटते. ज्या हाडाचा चुरा करून जंतू मोजायचे, त्याच हाडाचे सूक्ष्मदर्शकाखालचे काप काढता येत नाहीत. दोन्ही हवं असेल तर प्राणी वेगळे, आणि ते आत्ताच मोजायला हवेत.

पायरी ४: परवानग्या

प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आणि प्रयोगांवरील देखरेखीचे नियम १९९८ चे. पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जाणारी केंद्रीय समिती आता सीसीएसईए झाली आहे. तुमच्या संस्थेचं अ‍ॅनिमल हाउस तिच्याकडे नोंदलेलं असलंच पाहिजे आणि प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच यायला हवेत. अर्ज फॉर्म बीवर करायचा, तो संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीपुढे जातो. उंदीर, रॅट, ससा यांचा निर्णय तिथे होतो. शेळी-मेंढीसारख्या मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव कमिटीच्या शिफारशीसह केंद्रीय समितीकडे जातो, म्हणून वेळ धरून चाला.

कमिटीत पशुवैद्य असतो, संस्थेबाहेरचा शास्त्रज्ञ असतो, समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक समाजातला सदस्यही असतो. अर्ज लिहिताना त्या शेवटच्या सदस्याला डोळ्यांसमोर ठेवा. ‘या प्राण्याला नेमकं काय सोसावं लागेल, किती दिवस, आणि तुम्ही केव्हा थांबाल?’ हा त्यांचा रास्त प्रश्न असतो. त्याचं साध्या मराठीत उत्तर देता आलं, की अर्ज तयार झाला असं समजा.

जंतू जनुकीय बदल केलेले, उदाहरणार्थ प्रकाशणारे, असतील तर संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीची मंजुरी लागते. रुग्णाच्या सांध्यातून मिळालेला जंतू वापरायचा असेल, तर माणसांवरील संशोधनाची एथिक्स कमिटी वेगळी. भुलेसाठी लागणारं केटामिन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत, आहे. त्याची खरेदी, कुलूप आणि वही पशुवैद्याच्या देखरेखीत आधीच लावून घ्या, नाहीतर सगळं तयार असून काम अडतं.

पायरी ५: जंतू

बहुतेकांचं मॉडेल इथे फसतं, म्हणून जरा थांबतो.

या बाबतीत पुणं नशीबवान आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या (एनसीसीएस) छत्राखाली राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. सुरुवात ओळखीच्या, नोंदलेल्या स्टॅफ ऑरियसने करा. हाडाच्या संसर्गासाठी यूएएमएस-१ हा रुग्णाच्या हाडातून मिळालेला वाण जगभर वापरला जातो. स्टॅफ एपिडर्मिडिस हा दुसरा जंतू माणसात नेहमी सापडतो, पण प्राण्यात त्याचा संसर्ग टिकवायला कितीतरी जास्त मात्रा लागते. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू त्याहून अवघड. पहिल्या प्रकल्पात या दोघांच्या नादी लागू नका.

मूळ कुपीतून ग्लिसरॉलमध्ये बऱ्याच छोट्या कुप्या भरून उणे ८० अंशांवर ठेवा. प्रत्येक ऑपरेशनच्या दिवसासाठी नवी कुपी. प्लेटवरून प्लेटवर वाढवत नेलेला जंतू महिन्याभरात बदलू शकतो. रात्रभर वाढवलेल्या द्रवातून थोडा भाग ताज्या द्रवात घालून दोन-तीन तास वाढवा, म्हणजे जंतू वाढीच्या जोमदार टप्प्यात असतील. मग सेंट्रिफ्यूज करून सलाइनच्या बफरमध्ये दोन-तीनदा धुवा, कारण द्रवात साठलेली विषं तशीच गेली तर जंतू नव्हे, विषच सूज आणतं. ढगाळपणा मोजून अंदाजाने पातळ करा आणि बर्फावर ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पहिल्या प्राण्याआधी आणि शेवटच्या प्राण्यानंतर त्याच कुपीतला थेंब प्लेटवर लावा. प्राण्याला हजार जंतू दिले असं तुम्ही समजता. दिले किती, हे दुसऱ्या दिवशी प्लेट सांगते. लेखात तोच आकडा छापायचा.

मात्रा शोधण्यासाठी छोटा पायलट करा आणि एथिक्स कमिटीकडून तोही मंजूर करून घ्या. तीन मात्रा, एकमेकींपासून दहापट अंतरावर. ज्या मात्रेत सगळ्या प्राण्यांच्या इम्प्लांटवर जंतू सापडतात पण एकही प्राणी सेप्सिसमध्ये (अंगभर पसरलेल्या जीवघेण्या संसर्गात) जात नाही, ती तुमची मात्रा. दुसऱ्या प्रयोगशाळेच्या लेखातली मात्रा हा फक्त सुरुवातीचा अंदाज. तिथला वाण वेगळा, प्राण्याचं वय वेगळं, सर्जनचा हात वेगळा.

पायरी ६: इम्प्लांट

के-वायर सर्जिकल दुकानात सहज मिळते, आणि उंदरासाठी ०.६ ते ०.८ मिलिमीटरची पुरते. पण स्टील घ्यायचं की टायटॅनियम, हे प्रश्नावरून ठरवा. कापलेल्या टोकाला धातूची टोचरी कूस राहिली तर सांधा खरवडला जातो, म्हणून टोकं घासून गुळगुळीत करा. लेप असलेल्या आणि नसलेल्या तारांचा खडबडीतपणा सारखा आहे ना, हे मोजा. तसं नसेल तर लेपाचं श्रेय प्रत्यक्षात खडबडीतपणाचं असेल.

ऑटोक्लेव्हमधल्या दाबाखालच्या वाफेने जंतू मरतात, पण काही जंतूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष धातूवर तसंच राहतं आणि त्यामुळे निर्जंतुक गटातही हाड झिजतं. साध्या धातूच्या तारा कोरड्या उष्णतेत २५० अंशांवर अर्धा तास ठेवल्या तर ते जातं. लेप असलेल्या तारांना ही उष्णता सोसणार नाही. त्या इथिलिन ऑक्साइडने निर्जंतुक करा आणि सुरुवातीपासून एंडोटॉक्सिनमुक्त पाण्यातच बनवा.

पायरी ७: हात बसवणं आणि शस्त्रक्रिया

कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून किंवा तुमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडून शेळीचे पाय आणा. हाडात ड्रिल कसं शिरतं, कुठे घसरतं, किती जोर पुरतो, हे तिथे शिका. नंतर इतर मंजूर प्रयोगांत संपलेल्या रॅटच्या मृत शरीरांवर सराव मागून घ्या. बहुतेक अ‍ॅनिमल हाउस आनंदाने देतात. लागोपाठ काही वेळा एक्स-रेमध्ये तार हाडाच्या पोकळीत सरळ दिसल्याशिवाय जिवंत प्राण्याकडे वळू नका.

प्राणी आल्यावर किमान आठवडाभर त्यांना स्थिरावू द्या. खोलीचं तापमान २२ अंशांच्या आसपास, तीन अंश इकडेतिकडे. आर्द्रता ३० ते ७० टक्के. बारा तास उजेड, बारा तास अंधार. पुण्यात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात आणि जुलै-ऑगस्टच्या ओलीत हे सांभाळायचं, तर वातानुकूलन यंत्रणा जनरेटरवर आहे का, ते स्वतः जाऊन पाहा.

शस्त्रक्रिया अशी. पशुवैद्याने ठरवलेली भूल, डोळ्यांना मलम, खाली उबदार पॅड, कारण लहान प्राणी भुलेत झपाट्याने गार पडतो आणि तेच त्याच्या मृत्यूचं मोठं कारण असतं. वेदनाशामक काप घेण्याआधीच द्यायचं. केस दुसऱ्या टेबलावर काढा, ऑपरेशनच्या जागी नाही. गुडघ्याच्या आतल्या बाजूने छेद घेऊन वाटी बाहेरच्या बाजूला सरकवा. मांडीच्या हाडाच्या दोन गोलाव्यांमधल्या खाचेतून आधी बारीक, मग जरा जाड सुईने हाताने फिरवत वाट करा. उंदरासाठी २५ आणि मग २३ गेजची सुई चालते. मोटरच्या ड्रिलने हाड भाजतं. तार घाला, टोक मिलिमीटरभर ठेवा. बारीक सिरिंजने किंवा पिपेटने जंतू नेमके टोकावर सोडा, क्षणभर थांबा, वाटी जागेवर आणा आणि थरांनी शिवा. द्रवाचं आकारमान जास्त झालं तर तो बाहेर झिरपतो आणि सांध्याऐवजी त्वचेखाली गळू होतं. लगेच एक्स-रे.

दिवसाचा क्रम नेहमी निर्जंतुक गट आधी, जंतूंचा गट नंतर. एकच सर्जन सगळे प्राणी करील. कोणता प्राणी कोणत्या गटात, हे बंद पाकिटांतून ठरू द्या, पिंजऱ्यातून हाताला आधी आला म्हणून नाही.

पायरी ८: नंतरचे दिवस

पहिले तीन दिवस दिवसातून दोनदा प्राणी पाहायचा. ब्युप्रेनॉर्फिन, मेलॉक्सिकॅम किंवा पशुवैद्य ठरवील ते वेदनाशामक सगळ्या गटांना सारख्याच वेळापत्रकाने. सूज उतरवणारी औषधं हाडाच्या भरून येण्यावर परिणाम करतात, म्हणून एका गटाला कमी-जास्त झालं तर निकाल बिघडतो. पण निकाल शुद्ध राहावा म्हणून वेदनाशामक टाळणं मला मान्य नाही, आणि कोणत्याही जबाबदार कमिटीला मान्य होणार नाही. वेदनेत असलेला प्राणी खात नाही, त्याची प्रतिकारशक्ती बदलते. म्हणजे विज्ञानही बिघडतंच.

वजन रोज लिहा. उंदीर-रॅटच्या चेहऱ्यावरून, मिटलेले डोळे, उंदरात फुगलेले तर रॅटमध्ये सपाट झालेले गाल, मागे वळलेले कान यांवरून, वेदना ओळखायच्या मोजपट्ट्या आहेत. अ‍ॅनिमल हाउसच्या मदतनिसांनाही त्या शिकवा, कारण पहाटे प्राणी तेच पाहतात. वजन २० टक्क्यांनी घटलं, प्राणी कोपऱ्यात आकसून बसला, पाय अजिबात टेकेनासा झाला किंवा तार बाहेर आली, तर प्रयोग त्या प्राण्यापुरता थांबवायचा. हा निर्णय पशुवैद्याचा. मार्गदर्शकाच्या फोनची वाट पाहायची नाही.

सुट्ट्यांचं नियोजन कॅलेंडर समोर ठेवून करा. गणपती विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. तुमचा तिसरा दिवस त्या दिवशी येत असेल, तर शस्त्रक्रिया आठवडाभर पुढे ढकला.

पायरी ९: औषध तपासत असाल तर

लहान प्राण्याचं मूत्रपिंड औषध झटपट बाहेर टाकतं. माणसाची मात्रा किलोच्या हिशेबाने भागून दिली, तर रक्तात औषध टिकतच नाही. माणसाच्या रक्तात जितकं औषध जितका वेळ राहतं, तितकं प्राण्यात राहील अशी मात्रा आणि अंतर शोधा. रिफॅम्पिसिन बायोफिल्मवर चांगलं चालतं, पण एकटं दिलं की प्रतिकारक जंतू भराभर निवडले जातात. जोडीला दुसरं औषध हवंच. सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने पेनिसिलिन किंवा क्लिंडामायसिन देऊ नका. आतड्यातले जंतू बिघडून प्राणघातक जुलाब होतात, आणि प्राणी संसर्गाने गेला असं वाटत राहतं.

शेवटचा डोस आणि मोजणी यांच्यात औषध अंगातून निघून जाण्याइतकं अंतर ठेवा. नाहीतर हाडाच्या चुऱ्यातलं औषध प्लेटवरही जंतू दाबून टाकतं आणि उपचार यशस्वी झाल्याचा भास होतो.

पायरी १०: मोजणी

शांत मृत्यू देण्याची मंजूर पद्धत वापरा. कार्बन डायऑक्साइड असेल तर पेटीत हळूहळू सोडा, आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकू नका. मग इम्प्लांट, हाड आणि आसपासचं मांस प्रत्येकी वेगळ्या निर्जंतुक साधनांनी काढा. तार द्रवात बुडवून ध्वनिलहरींच्या बाथमध्ये, साधारण ४० किलोहर्ट्‌झवर पाच मिनिटं, ठेवली की बायोफिल्म सुटते. बाथचं पाणी तापलं तर जंतू मरतात, म्हणून आपल्याच बाथवर आधी चाचणी घ्या. हाड बर्फावर ठेवून कुटा.

प्लेटा एका दिवसात टाकून देऊ नका. बायोफिल्ममधले काही जंतू सावकाश वाढतात आणि टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती करतात. दोन-तीन दिवस थांबा. प्लेट रिकामी राहिली तर उरलेला नमुना द्रव माध्यमात वाढवून पाहा, आणि तुमच्या पद्धतीला किमान किती जंतू दिसू शकतात तो आकडा लिहा. ‘शून्य’ आणि ‘मोजता न येण्याइतके’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

रक्तातल्या खुणांबाबत एक इशारा. रुग्णात आपण सीआरपी, म्हणजे सूज असताना रक्तात वाढणारं प्रथिन, पाहतो, म्हणून उंदरातही सीआरपी मागवला जातो. उंदरात तो फारसा वाढत नाही. तिथे सीरम अमायलॉइड ए पाहतात. सशात मात्र सीआरपी चांगला वाढतो. हाडाची झीज मायक्रो-सीटीवर मोजताना स्टीलच्या तारेची चमक चित्र बिघडवते, म्हणून तार काढून किंवा टायटॅनियम वापरून स्कॅन करा.

प्राण्यांची शरीरं आणि अवयव पिवळ्या पिशवीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे जाळण्यासाठी जातात. जंतूंच्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर जाऊ देऊ नका.

पायरी ११: लिहून ठेवणं

अ‍ॅनिमल हाउसमधला फॉर्म डी, म्हणजे प्राण्यांची आणि प्रयोगांची नोंद, त्या त्या दिवशीच भरा. लेख लिहिताना प्राणी-प्रयोगांबद्दल काय काय लिहायचं हे सांगणारी अराइव्ह मार्गदर्शिका, २०२० ची सुधारित आवृत्ती, शेजारी ठेवा: प्राण्याचं वय, लिंग, वजन, पाकिटं कशी काढली, किती प्राणी मध्येच गेले आणि का, हे सगळं त्यात येतं. मध्येच गेलेले प्राणी लपवले की पुढचा संशोधक तीच चूक नव्या प्राण्यांवर करतो.

लेप चालला नाही, तरी तेही छापा, किमान प्रबंधात पूर्ण आकड्यांसह द्या. उरलेले जंतू उणे ८० अंशांवर, सूक्ष्मदर्शकाच्या कापांसाठी बनवलेले हाडांचे ठोकळे नाव-तारखेसह कपाटात, एक्स-रे संगणकावर दोन ठिकाणी. पुढच्या वर्षी ससून रुग्णालयातला किंवा लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातला (एएफएमसी) एखादा विद्यार्थी तोच प्रश्न घेऊन आला, तर त्याला आधी हे ठोकळे दाखवा. कदाचित त्याचं उत्तर त्यांतच असेल आणि नवे प्राणी मागवावेच लागणार नाहीत.